वीटभट्टीतला कार्बन कमी करायचा तर सुरुवात कुठून करायची?

ओळंबा

वीटभट्टीची चर्चा धुरावर सुरू होते आणि धुरावरच थांबते. धूर डोळ्यांना दिसतो, घशाला लागतो, त्यामुळे ते साहजिक आहे. पण कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. तो किती बाहेर पडला हे कळायचं तर चिमणीकडे नाही, जळणाच्या ढिगाकडे बघावं लागतं. म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं काम भट्ट्यांची उष्णता मोजण्याचं. कुठल्याही भट्टीवर गेलो की आधी एकच आकडा काढतो : एक किलो भाजलेल्या विटेमागे किती उष्णता खर्च झाली. त्या एका आकड्यात भट्टीची सगळी तब्येत कळते.

एक किलो माती १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला साधारण १ मेगाज्यूल उष्णता लागते. ही उष्णता वीट खाऊन टाकत नाही. ती विटेत साठते आणि वीट निवताना परत बाहेर पडते. खरोखर खर्ची पडते ती मुख्यतः दोन कामांत. एक, कच्च्या विटेत उरलेलं पाणी उडवायला. दुसरं, ४५० ते ६५० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सोडवायला. बाकीची बरीचशी परत मिळवता येते, फक्त तशी सोय हवी.

कच्च्या विटांचा ढीग रचून, थरांमध्ये जळण घालून, बाहेरून लिंपून पेटवतात त्या उघड्या भट्टीत ही सोय नसते. निवणाऱ्या विटांची उष्णता आभाळात जाते. तिथे किलोमागे १.५ पासून ३ मेगाज्यूलपर्यंत खर्च होतो. खंदकावर उभ्या असलेल्या स्थिर चिमणीच्या भट्टीत सरासरी १.२ च्या आसपास. हवेला नागमोडी फिरवणारी झिगझॅग भट्टी नीट चालवली तर १ ते १.१. विटा वरून भरून खालून काढतात ती उभ्या कूपाची भट्टी १ च्याही खाली जाते.

दगडी कोळशाच्या दर १ गिगाज्यूल (म्हणजे हजार मेगाज्यूल) उष्णतेमागे सुमारे ९५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ३ किलोची वीट स्थिर चिमणीच्या भट्टीत भाजली तर साधारण ३४० ग्रॅम, आणि २ मेगाज्यूल खाणाऱ्या उघड्या भट्टीत ५७० ग्रॅम. एकट्या भारतात वर्षाला २५,००० कोटींच्या घरात विटा भाजल्या जातात. एका विटेमागे ५० ग्रॅम वाचले तरी केवढा डोंगर होतो, बघा.

माझं मत आधीच सांगून ठेवतो : नवी भट्टी बांधण्याआधी, आहे त्या भट्टीत आगीला जळण कसं भरवलं जातं आणि उष्णता कुठून निसटते, हे बघायला हवं. सगळ्यात स्वस्त बचत तिथेच आहे. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवेत.

---

उतरंड

छान सुरुवात. मला यातलं काही कळत नाही, म्हणून प्राथमिक प्रश्न. निवणाऱ्या विटेची उष्णता परत मिळवायची म्हणजे नेमकं काय करतात?

---

ओळंबा

प्राथमिक नाही, मुळातला प्रश्न आहे. १८५८ साली जर्मनीत फ्रीडरिश हॉफमान यांनी पेटंट घेतलेली भट्टी हेच करत होती. विटा जागेवर राहतात आणि आग पुढे सरकते. बाहेरची हवा आधी भाजून झालेल्या विटांमधून जाते. त्या निवतात, हवा तापते. ही तापलेली हवा आगीपाशी पोचते, म्हणून जळण कमी लागतं. आगीतून निघालेले गरम वायू पुढच्या कच्च्या विटांमधून जातात, त्यांना वाळवत आणि तापवत, आणि मग चिमणीत शिरतात. एकच हवा तीन कामं करते.

१८७६ मध्ये डब्ल्यू. बुल यांनी तोच विचार जमिनीतल्या खंदकात आणला. छत नाही, कायमची कमान नाही, त्यामुळे बांधायला फार स्वस्त. दक्षिण आशियात ती पसरली ती याच कारणाने. आजच्या झिगझॅगचं मूळ हाब्ला यांच्या १९२७ मधल्या भट्टीत आहे. त्यात विटांची रचना अशी करतात की हवा सरळ न जाता नागमोडी जाते. वाट लांबते, वळणांवर हवा घुसळली जाते, जळण पूर्ण जळतं आणि विटांना उष्णता जास्त मिळते. भारतात रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती १९७० च्या दशकात पुढे आणली.

---

थापी

आमच्या घरात तीन पिढ्या भट्टी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राची अधिसूचना आली, झिगझॅग किंवा उभी भट्टी करा नाहीतर पाइपमधला गॅस वापरा. आम्ही स्थिर चिमणी मोडून झिगझॅग केली, पंखा बसवला. कर्ज झालं ते झालं. सांगताना वाईट वाटतं, पण पहिल्या हंगामात कोळसा जेमतेम कमी झाला. धूर तर अधूनमधून पूर्वीसारखाच काळा. बांधणाऱ्याला विचारलं तर म्हणाला माती खराब. माती तर तीच आहे जिच्यावर आम्ही इतकी वर्षं विटा भाजल्या. मग झिगझॅगचा उपयोग काय?

---

ओळंबा

थापी, तुमचा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे. उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. जळण एका वेळी किती जण घालतात? दोन घालण्यांमध्ये किती वेळ जातो? विटांवर झाकण म्हणून घातलेला राखेचा थर किती जाड आहे? आणि विटा आत नेण्याची दारं कशी बंद करता?

---

थापी

दोघं, कधी तिघं एकदम घालतात. मोठी फावडी. अर्ध्या तासाने एक फेरी, मग ते बसतात. राख चार-पाच बोटं असेल. दारं एकेरी विटेची, वरून गारा लिंपतो. सुकला की भेगा पडतात, परत लिंपतो.

---

ओळंबा

तुमची भट्टी झिगझॅग आहे, चालवणं मात्र अजून जुन्या भट्टीचं आहे. याचा दोष तुमच्याकडे जात नाही. बांधून देणारे निघून जातात आणि चालवायला कुणी शिकवत नाही.

तिघांनी एकदम जळण टाकलं की दोन-चार मिनिटं आगीला हवा अपुरी पडते. कोळसा अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होते. तुम्हाला अधूनमधून दिसणारा काळा धूर तोच. मग माणसं बसतात तेव्हा उलट होतं : जळण संपत आलेलं, हवा मात्र तितकीच ओढली जातेय. ती जास्तीची हवा आगीची उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. म्हणजे एकदा उपाशी, एकदा अजीर्ण.

यावर उपाय म्हणजे एकाच माणसाने, छोट्या पळीने, थोडं थोडं, सतत घालायचं. कोळसा बारीक फोडलेला हवा. भुसा किंवा तुसासारखं बारीक, कोरडं जळण थोडं मिसळलं तर आणखी चांगलं, कारण ते पडता पडता पेट घेतं. राखेचा थर दुप्पट जाड करा. दाराला दुहेरी भिंत घाला आणि मधल्या पोकळीत राख भरा.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सांगत नाही. बांगलादेशात २७६ झिगझॅग भट्ट्यांवर रीतसर प्रयोग झाला. काही भट्ट्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून त्यांना असंच प्रशिक्षण दिलं, बाकीच्या तुलनेला ठेवल्या. नवी यंत्रं नाहीत, नवं बांधकाम नाही. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ६५ टक्के भट्ट्यांनी पद्धत स्वीकारली, त्यांची ऊर्जा २३ टक्क्यांनी वाचली, आणि कार्बन डायऑक्साइड व सूक्ष्म धूलिकण दोन्ही सुमारे २० टक्क्यांनी घटले. कायद्याचा धाक नसताना हे झालं, कारण कोळसा वाचला आणि पहिल्या दर्जाच्या विटा वाढल्या. मालकाला त्यात फायदा होता.

---

गिलावा

मी घरं बांधते. ओळंबा, तुमचं गणित पटतं, पण मूळ प्रश्न टाळला जातोय असं मला वाटतं. वीट भाजायचीच कशाला? औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा आहेत, दाबून केलेले मातीचे ठोकळे आहेत. सुपीक मातीचा थर खणायचा, कोळसा जाळायचा आणि मग त्यातले २० टक्के वाचवल्याचा आनंद मानायचा, हे मला अपुरं वाटतं.

---

ओळंबा

अपुरं आहे हे मान्य. पण राखेची वीट भाजत नाहीत म्हणून तिचा कार्बन शून्य असं नाही. ती घट्ट होते चुन्याने किंवा सिमेंटने, आणि दोन्हीसाठी चुनखडी भाजावी लागते. शुद्ध चुनखडीच्या वजनातला ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. जळणाचा हिशेब त्याच्या वर. ३ किलोच्या विटेत १० टक्के सिमेंट असेल तर ३०० ग्रॅम सिमेंट झालं. त्यामागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. चांगल्या झिगझॅगच्या विटेशी तुलना केली तर फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. सिमेंट ५ टक्क्यांवर आणलं तर मात्र राखेची वीट सरळ पुढे जाते. दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांचंही तसंच, तिथे ५ ते ८ टक्के सिमेंटमध्ये काम होतं. म्हणून विकत घेताना 'भाजलेली की न भाजलेली' एवढंच न विचारता आत सिमेंट किती ते विचारा.

---

गिलावा

हे मी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. यापुढे विचारेन.

मग दुसऱ्या टोकाने सांगते. भिंतीत विटाच कमी लावा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप बाँड वर्षानुवर्षं वापरला. विटा उभ्या, कडेवर लावायच्या, भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण चतुर्थांश कमी लागतात, गारा कमी लागतो आणि पोकळीमुळे घर उन्हाळ्यात कमी तापतं. भट्टीवाल्याने प्रशिक्षण घेऊन जेवढं वाचवलं तेवढंच इथे एका गवंड्याने वाचवलं. पण गवंडी तयार होत नाहीत. हात बसेपर्यंत वेळ लागतो आणि त्यांची मजुरी कामाच्या मापावर असते, शिकण्यात गेलेल्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही. मी ते दिवस करारात धरते. तेव्हापासून अडचण आली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चुन्याच्या गाऱ्यातली जुनी वीट साफ होऊन पुन्हा वापरता येते. सिमेंटच्या गाऱ्यात ती गाऱ्यासकट फुटते. पुन्हा लावलेल्या विटेसाठी नव्याने आग पेटवावी लागतच नाही.

---

वाळवण

शेतातल्या काडीकचऱ्याबद्दल कुणी बोललेलं नाही. उसाची चिपाडं, भाताचं तूस, भुसा. पीक वाढताना हवेतून कार्बन घेतं, जळताना तोच परत जातो. मग कोळसा सोडून सगळी भट्टी यावरच का चालवू नये?

---

ओळंबा

अंशतः बरोबर. पिकाच्या अवशेषांचा कार्बन वर्षभराच्या चक्रातला असतो, कोळशाचा कोट्यवधी वर्षं गाडलेला. पण तीन अटी आहेत.

पहिली, जळण कोरडं हवं. ओली चिपाडं आधी स्वतःतलं पाणी उडवण्यात उष्णता घालवतात आणि त्या वेळी धूर प्रचंड होतो. त्या धुरातली काजळी हवेत फार दिवस टिकत नाही, पण असेपर्यंत ऊन शोषून हवा तापवते. कार्बन वाचवला आणि काजळी वाढवली तर पदरात काय पडलं?

दुसरी, लाकूड आणि अवशेष एका मापाने मोजायचे नाहीत. तोडलेलं झाड परत उभं राहायला वर्षं लागतात, आणि कित्येकदा ते उभं राहतच नाही.

तिसरी अट मला सगळ्यात जवळची. भट्टी उधळी असेल तर जळण बदलून ती सुधारत नाही. दुप्पट तूस जाळणारी भट्टी दुसऱ्या कुणाच्या वाटचं तूस जाळते, आणि तो दुसरा मग कोळशाकडे वळतो.

टायर, प्लास्टिक आणि पेटकोक (तेलशुद्धीकरणात उरणारा कोळशासारखा पदार्थ) यांच्याबद्दल चर्चा नकोच. तो कार्बनही खनिज तेलातलाच आहे, वर धुरात विष. २०२२ च्या अधिसूचनेत त्यांना सरळ मनाई आहे.

---

उतरंड

उभी भट्टी इतकी कमी जळण खाते तर सगळे तीच का बांधत नाहीत?

---

थापी

याचं उत्तर मी देतो, कारण झिगझॅगच्या आधी आम्ही ती बघून आलो होतो. चीनमधून आलेली पद्धत, भारतात १९९६ मध्ये मध्य प्रदेशात पहिल्यांदा उभी राहिली. विटा वरून भरायच्या, मधे आग, खालून भाजलेल्या काढायच्या. हवा खालून वर चढते. तुमच्या हॉफमानचंच तत्त्व, फक्त उभं. इथे आग जागेवर आणि विटा खाली सरकतात. जागा थोडी लागते, छप्पर असल्याने पावसातही चालते.

अडचण अशी की वीट साधारण एका दिवसात आत जाऊन बाहेर येते. इतक्या झटपट तापण्या-निवण्यात आमच्या मातीला तडे जातात. हाताने थापलेल्या विटेला जास्तच. रंगही फिका येतो आणि टिचकी मारल्यावर हवा तसा खणखणीत आवाज येत नाही. गिऱ्हाईक आवाज ऐकून वीट घेतं. एका कूपातून निघणाऱ्या विटाही थोड्या. माती जुळली तर ती उत्तमच, पण आधी आपली माती तिथे भाजून बघितल्याशिवाय कुणी पैसे घालू नयेत.

---

वाळवण

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, नुसती ढिगाची भट्टी लावतात, त्यांचं काय? चिमणी नाही, पंखा नाही, कर्जही कुणी देत नाही. नियम कडक झाले की आधी तेच मोडतात.

---

ओळंबा

हो. त्यांच्याबद्दल सोपं उत्तर माझ्याकडे नाही. करता येण्यासारखं मात्र बरंच आहे.

सगळ्यात आधी वाळवण. एक किलो पाण्याची वाफ करायला, ते तापवण्यासकट, सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. कच्च्या विटेत १० टक्के पाणी राहिलं तर विटेच्या दर किलोमागे पाव मेगाज्यूल फक्त पाणी उडवण्यात जातो. चांगल्या भट्टीच्या सगळ्या खर्चाचा हा जवळपास चौथा हिस्सा आहे. ऊन आणि वारा तेच काम फुकट करतात. चार दिवस जास्त वाळवा, खालून ओल येणार नाही अशा जागी रचा, रात्री झाका.

मग जळण मातीतच मळून घेणं. कोळशाची भुकटी, तूस किंवा न जळलेला कार्बन असलेली राख माती मळतानाच मिसळली की वीट आतून भाजते आणि बाहेरचं जळण कमी होतं. प्रमाण मात्र हळूहळू वाढवायचं. जास्त झालं की पोट काळं राहतं आणि वीट ठिसूळ होते.

आणि आकार. ढिगाची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या तर विटा आठपट होतात, पण उष्णता गमावणारं बाहेरचं अंग चारपटच वाढतं. दोन-तीन छोट्या भट्ट्यांऐवजी मिळून एक मोठी लावली तर बाहेरच्या कच्च्या राहणाऱ्या विटा कमी होतात. ती कच्ची वीट म्हणजे जळण जाळूनही हाती काही न लागणं. वाऱ्याच्या बाजूला आडोसा आणि जाड लिंपण हेही विसरू नका.

पण खरं सांगायचं तर ढिगाच्या भट्टीत निवणाऱ्या विटांची उष्णता परत मिळत नाही, त्यामुळे तिला एक मर्यादा आहे. ती ओलांडायची तर अशा दहा जणांना मिळून एक झिगझॅग चालवता आली पाहिजे, आणि त्यासाठी पतपुरवठा हवा. नुसती नोटीस पाठवून ते होत नाही. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपात काठमांडू खोऱ्यातल्या चिमण्या कोसळल्या, तेव्हा पुन्हा बांधताना अनेक भट्ट्या झिगझॅग झाल्या. आराखडे आणि माहितगार माणसं हाताशी होती म्हणून ते जमलं. तशी माणसं हाताशी असायला भूकंपाची वाट बघायला लागू नये.

---

गिलावा

पोकळ विटांचं राहिलं. ४० टक्के पोकळी म्हणजे तेवढी माती कमी आणि भाजायचं वजनही तेवढंच कमी. मला त्या मिळाल्या तर मी लगेच वापरेन.

---

थापी

पोकळ वीट हाताने थापून होत नाही, दाबून काढणारं यंत्र लागतं, वीज लागते. विचार चालू आहे, पण आधीचं कर्ज फिटू दे.

ओळंबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका फेरीत, म्हणजे आग भट्टीभर एकदा फिरेपर्यंत, करून बघितलं. राख दुप्पट केली, दारं दुहेरी केली. जळण घालणाऱ्यांशी बसून बोललो. त्यांना वाटलं एकाचं काम काढून घेतो आहे. आम्ही पाळ्या लावल्या : एक घालतो, दुसरा विसावतो, मजुरी दोघांची तीच. आगीसमोर सलग उभं राहावं लागत नाही म्हणून आता तेच खूश आहेत. काळा धूर जवळजवळ गेला. कोळसा कमी लागला असं वाटतंय, पण 'वाटतंय'वर तुमचा विश्वास नसणार. मोजू कसा?

---

ओळंबा

मजुरी तीच ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

मोजण्यासाठी निदान एक पूर्ण फेरी घ्या, दोन-चार दिवसांचा आकडा फसवतो. फेरीच्या सुरुवातीला साठा तोला, नंतर आलेला प्रत्येक ट्रक तोला, शेवटी उरलेला तोला. भुसा-तूस वेगळं तोला. प्रत्येक जळणाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन उष्मांक, म्हणजे किलोमागे किती उष्णता मिळते, तो काढून घ्या, कारण कोळसा प्रत्येक खेपेला बदलतो. भाजलेल्या विटा मोजा, फुटलेल्या आणि कच्च्या वेगळ्या. वीसएक विटा तोलून सरासरी वजन काढा. मग जळणाची एकूण उष्णता भागिले भाजलेल्या विटांचं एकूण वजन. अंदाजासाठी : ३ किलोच्या विटा आणि १८ मेगाज्यूलचा कोळसा असेल तर हजार विटांना २०० किलो म्हणजे १.२. तुम्ही १७५ च्या आसपास आलात तर १.०५ झाले.

कच्च्या विटेची ओलही बघा. भरायच्या दिवशी पाच-सहा विटांचे तुकडे तोलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, परत तोला. गेलेलं वजन म्हणजे पाणी.

---

थापी

वजनकाटा आहे. ओव्हनची सोय करतो. पुढची फेरी सोमवारी पेटते, साठा रविवारी तोलून ठेवतो. फेरी पूर्ण झाली की आकडे इथेच टाकेन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.